मोटारीचा हॉर्न : जन्म, स्वभाव आणि दुखणी

रस्त्याने जाणाऱ्याने आपली चाहूल पुढच्याला द्यावी, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा केवळ शोभेसाठी नव्हत्या. अंधाऱ्या रात्री अरुंद चाकोरीतून समोरून दुसरी गाडी येत असली, तर ते दोन्ही गाडीवानांना आधीच कळावे, हा त्यांचा खरा उपयोग. डाक घेऊन पळणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीला घुंगरे असत. टांगेवाला पायाने घंटा वाजवी. मोटारीचा हॉर्न ह्याच कुळातला. फरक एवढाच, की बैल चालू लागला की त्याच्या गळ्यातली घंटा आपोआप वाजते. हॉर्न मात्र वाजवावा लागतो. आणि एखाद्या दिवशी बटण कितीही दाबले तरी तो वाजत नाही.

आज ह्या न वाजणाऱ्या हॉर्नविषयी बोलायचे आहे. जुन्या मोटारी आता थोड्या उरल्या. तरी कुणाच्या वाड्याच्या पडवीत, कुणाच्या शेतावरच्या शेडमध्ये एखादी अँबॅसॅडर, एखादी फियाट, एखादी जीप अजून जपून ठेवलेली आढळते. लग्नाला, जत्रेला ती बाहेर निघते. इंजिन चालते, दिवे लागतात, पण हॉर्न मुका असतो. मालक म्हणतो, "असू द्या हो, हॉर्नवाचून काय अडलं आहे?" अडते ते मालकाचे नव्हे, श्रोतेहो, अडते ते रस्त्यावरून चालणाऱ्याचे. मोटारीत जी साधने असतात, ती बहुतेक आत बसणाऱ्याच्या सोयीची. हॉर्न मात्र मुख्यतः बाहेरच्या माणसासाठी बसवलेला असतो.

कोणी विचारील, की दुरुस्ती सांगायची तर इतिहास कशाला? त्याला कारण आहे. हॉर्नचा एकेक भाग वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या अडचणीतून जन्मला. जी अडचण टाळण्यासाठी तो भाग आला, ती पुष्कळदा त्याच्याच दुखण्यातून पुन्हा डोके वर काढते. म्हणून जन्म ठाऊक असला, की दुखणे शोधणे सोपे जाते.

कायद्याने दिलेला आवाज

इंग्लंडात 1865 साली एक कायदा झाला. त्या वेळी रस्त्यावर वाफेवर चालणारी अवजड इंजिने धावू लागली होती. त्यांनी गावात ताशी 2 मैल आणि गावाबाहेर ताशी 4 मैल ह्यांहून जास्त वेग घेऊ नये, आणि त्यांच्या 60 यार्ड पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन पायी चालावे, असे त्या कायद्याने ठरवले. आज आपल्याला हसू येते. पण विचार करा, त्या काळचा हॉर्न म्हणजे हा निशाणवालाच होता! यंत्राला स्वतःचा आवाज नव्हता, म्हणून माणूस पुढे चालवला.

पेट्रोलवर चालणाऱ्या हलक्या मोटारी आल्यावर हा नियम जाचक वाटू लागला. 14 ऑगस्ट 1896 रोजी नवा कायदा मंजूर झाला आणि त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला तो अमलात आला. हलक्या मोटारींपुरती पुढे चालणाऱ्या माणसाची अट गेली. त्याच्या जागी, गाडीवर घंटा किंवा दुसरे असे साधन असावे, की ज्यामुळे गाडी येत असल्याची किंवा ती कोठे आहे ह्याची सूचना ऐकू येईल आणि ती पुरेशी असेल, अशा अर्थाची अट आली. "ऐकू येईल" आणि "पुरेशी" हे दोन शब्द ध्यानात ठेवा. आपल्या देशात आज लागू असलेल्या 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हॉर्नविषयी जो नियम आहे, त्यातही जवळजवळ हीच शब्दयोजना आहे. शंभराहून अधिक वर्षे लोटली, यंत्र पार बदलले, पण त्याच्याकडून असलेली अपेक्षा तीच राहिली.

तो कायदा मंजूर होऊन तीनच दिवस झाले होते. 17 ऑगस्ट 1896 रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई आपल्या मुलीबरोबर चालली होती. तेथे लोकांना मोटारीतून फेरी मारून आणण्याचे प्रदर्शन चालू होते. त्यातल्या एका मोटारीखाली ती सापडली आणि मरण पावली. इंग्लंडात मोटारीच्या धक्क्याने पादचारी मेल्याची ही पहिली नोंद समजली जाते. आपण घंटा वाजवली होती आणि ओरडलोही होतो, असे मोटार हाकणाऱ्याने चौकशीत सांगितले. म्हणजे सूचना दिली होती. पण जिने मोटार नावाची वस्तू पूर्वी कधी पाहिली नसेल, तिला त्या घंटेचा अर्थ कसा कळावा? सूचना केवळ ऐकू येऊन भागत नाही, ती कळावी लागते. हॉर्नचा पुढचा सारा इतिहास म्हणजे ह्या एका प्रश्नाची उत्तरे शोधण्याचा इतिहास आहे.

रबरी फुग्याचा पोंगा

पहिले उत्तर रबरी फुग्याच्या पोंग्याचे. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. लॉरीच्या दाराशी, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला काळा रबरी फुगा आणि पुढे वळणावळणाचा पितळी कर्णा. फुगा दाबला की हवा जोराने एका पातळ पितळी जिभेवरून जाते. ती जीभ थरथरते आणि कर्ण्यातून "पों" असा आवाज निघतो. आपल्या बाजाच्या पेटीतही तेच होते. भाता आणि स्वरपट्टी. पेटीवाल्याला पोंगा दुरुस्त करायला दिला, तर त्याला काही नवे वाटणार नाही.

ह्याची दुखणीही पेटीसारखीच. रबर उन्हाने कडक होऊन चिरते आणि हवा बाजूने निसटते. जिभेवर धूळ किंवा गंज बसतो, म्हणजे ती चिकटते. काडीने किंवा तारेने टोकरू नये, जीभ वाकते. मऊ ब्रशाने ती साफ करावी, फुग्याची चीर पाहावी, कर्ण्याचा सांधा घट्ट करावा. बस्स. ह्या पोंग्याला बॅटरी लागत नाही, तार लागत नाही. म्हणूनच वीज आल्यावरही तो कित्येक वर्षे टिकला. उणीव एकच: एक हात अडकतो. वळणावर एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने फुगा दाबायचा, हे वेग वाढल्यावर जड जाऊ लागले.

विजेचा आवाज

विजेने आवाज काढण्याची युक्ती मोटारीहून कितीतरी जुनी आहे. 1825 साली इंग्लंडात विल्यम स्टर्जन ह्याने लोखंडाच्या नालाला तार गुंडाळून विद्युच्चुंबक केला. 1831 मध्ये अमेरिकेत जोसेफ हेन्री ह्याने लांब तारेतून वीज पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली. शाळेतल्या विजेच्या घंटेचे मूळ येथे आहे. मोटारीत मात्र ही युक्ती यायला जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली, कारण सुरुवातीच्या बहुतेक मोटारींत भरवशाची बॅटरीच नसे.

अमेरिकेत मिलर रीस हचिसन नावाचा संशोधक होता. ऐकू न येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्र त्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी केले. 1908 च्या सुमारास त्याच माणसाने मोटारीसाठी एक कर्कश हॉर्न शोधून काढला. तो बनवणाऱ्यांनी त्याला "क्लॅक्सन" असे नाव दिले. किंचाळणे ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले होते. आधी लोकांना बहिरे करायचे आणि मग त्यांना श्रवणयंत्र विकायचे, असा हचिसनचा धंदा आहे, अशी थट्टा त्याच्याविषयी सांगतात.

क्लॅक्सनची रचना मजेदार आहे. एक पोलादी पडदा, त्याच्या मध्यभागी कठीण पोलादाची एक गुंडी, आणि त्या गुंडीवर घासत फिरणारे दाते असलेले चाक. चाक लहानशा विजेच्या मोटरने किंवा हाताच्या दांड्याने फिरते. प्रत्येक दाता गुंडीला ढकलतो आणि पडदा लवतो. चाक वेग घेते तसा आवाज चढतो आणि बंद होताना उतरतो. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये विषारी वायू येत असल्याचा इशारा द्यायला हातानं फिरवायचे क्लॅक्सन वापरीत. म्हणजे जे साधन रस्त्यावर माणसे वाचवायला निघाले, त्याने रणांगणावरही तेच काम केले. असा हॉर्न आज कोणाकडे असेल आणि तो नुसताच घरघरत असेल, तर गुंडी झिजली आहे का, दाते आणि गुंडी ह्यांमधले अंतर वाढले आहे का, मोटरचे ब्रश संपले आहेत का आणि आतले वंगण वाळून दगड झाले आहे का, हे चार प्रश्न विचारावेत.

ह्याच काळातली फोर्डची मॉडेल टी गाडी घ्या. 1908 ते 1927 ह्या काळात ह्या गाड्या दीड कोटी निघाल्या. आरंभी तिला फुग्याचा पोंगा होता. 1915 पासून तिला विजेचा हॉर्न बसू लागला. पण ही वीज बॅटरीची नव्हे. इंजिनाच्या चाकावर बसवलेल्या मॅग्नेटोची. परिणाम असा, की इंजिन बंद असले की हॉर्नही बंद. हे ठाऊक नसलेला मनुष्य उभ्या गाडीचे बटण दाबून "हॉर्न बिघडला" असे म्हणेल आणि चांगला हॉर्न उघडून बसेल. ह्यातून दुरुस्तीचा पहिला धडा मिळतो. हॉर्न वाजत नसेल, तर आधी हॉर्नकडे पाहू नये. तो ज्याच्या जिवावर वाजतो, त्याच्याकडे पाहावे.

स्वतःची वाट स्वतःच तोडणारे यंत्र

आता आपल्या ओळखीच्या हॉर्नकडे येऊ. जर्मनीत रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्याने 1921 मध्ये आपला विजेचा हॉर्न बाजारात आणला. इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीचे हॉर्न घरोघरच्या गाड्यांत गेले. ह्या जातीच्या हॉर्नमध्ये मोटर नाही, दाते नाहीत. आहे काय? एक विद्युच्चुंबक, त्याच्यासमोर लोखंडी तुकडा जोडलेला पत्र्याचा पडदा, आणि विजेच्या वाटेवर दोन लहानसे स्पर्शबिंदू, ज्यांना मिस्त्री "पॉइंट" म्हणतात.

बटण दाबले की वीज वाहते. चुंबक लोखंडी तुकड्याला ओढतो, पडदा आत लवतो. लवता लवता तो तुकडा पॉइंटना ढकलून वेगळे करतो. पॉइंट वेगळे झाले की वीज तुटते, चुंबक सोडून देतो, पडदा परत उसळतो, पॉइंट पुन्हा जुळतात आणि वीज पुन्हा वाहते. हे सारे सेकंदाला साधारण 300 ते 500 वेळा घडते. तोच आपण ऐकतो तो आवाज. शिक्षकांनी वर्गात सांगायला हे फार चांगले उदाहरण आहे: हे यंत्र आपल्या विजेची वाट आपणच तोडते आणि आपणच जोडते, आणि त्या तुटण्या-जुळण्यातूनच बोलते.

त्याचे दुखणेही येथेच. प्रत्येक वेळी वाट तुटताना पॉइंटवर बारीक ठिणगी पडते. ती कमी व्हावी म्हणून आत एक कंडेन्सर किंवा रोधक तार बसवलेली असते. तरी वर्षानुवर्षांच्या ठिणग्यांनी पॉइंट काळे पडतात, खडबडीत होतात. गाडी पाच-सहा पावसाळे उभी राहिली, तर त्यांवर गंजाचा थर धरतो. मग वीज पोचली तरी वाट जुळत नाही.

मुक्या हॉर्नची तपासणी

उदाहरण म्हणून अँबॅसॅडर घेऊ. ती इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली. हिंदुस्थान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाडा येथे 1957 पासून ती बांधली, आणि 2014 मध्ये ते काम थांबले. ह्या ब्रिटिश घराण्याच्या जुन्या गाड्यांत हॉर्नची तारजोडणी एका विशेष पद्धतीची असते. बॅटरीची वीज फ्यूजमधून थेट हॉर्नपर्यंत आलेली असते. बटण त्याच्या पलीकडे, परतीच्या वाटेवर. बटण दाबले, की हॉर्नकडून आलेली तार गाडीच्या लोखंडी अंगाला टेकते आणि फेरा पुरा होतो. गाडीचे अंग हीच परतीची तार; त्याला मिस्त्री "अर्थिंग" म्हणतात.

असे का केले? स्टिअरिंगचे चाक गरगर फिरते. त्याच्या मधल्या बटणापर्यंत दोन तारा नेणे कठीण. एकच न्यावी लागली तर बरे. आणि चुकून ती घासली, उघडी पडली आणि अंगाला लागली, तर फ्यूज उडून बाकीच्या वस्तू बंद पडत नाहीत. नुसता हॉर्न वाजू लागतो. सोयीतून आलेली ही रचना समजली, की तपासणी पाच पायऱ्यांत होते.

पहिली पायरी बॅटरी. दिवे लावून पाहा. ते मंद असतील, तर हॉर्नला दोष देऊ नका.

दुसरी पायरी फ्यूज. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत हॉर्न आणि गाडीच्या आतला दिवा एकाच फ्यूजवर असतात. आतला दिवाही लागत नसेल, तर फ्यूज पाहा. फ्यूज शाबूत दिसला तरी त्याच्या दोन्ही टोकांच्या चिमट्यांवर हिरवा-पांढरा थर आहे का ते पाहा. तो पॉलिश पेपरने घासून काढा. आणि एक विनंती: उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळू नका. फ्यूज जळतो, तो गाडी जळू नये म्हणून.

तिसरी पायरी हॉर्नपाशी. बोनेट उघडा. हॉर्नला दोन तारा असतील. बॅटरीकडून आलेली कोणती ते शोधून तीवर हात लावू नका. बटणाकडे जाणारी दुसरी तार काढा आणि हॉर्नच्या त्याच टोकापासून एक जोडतार घेऊन ती गाडीच्या रंग नसलेल्या, स्वच्छ लोखंडाला क्षणभर टेकवा. हॉर्न वाजला? मग बॅटरी, फ्यूज, येणारी तार आणि हॉर्न, सगळे चांगले आहे. दोष बटणाच्या बाजूला. नाही वाजला? मग दोष येणाऱ्या तारेत किंवा खुद्द हॉर्नमध्ये.

चौथी पायरी बटण आणि स्टिअरिंग. बटणाखालचा पितळी संपर्क काळा पडला असेल, स्प्रिंग बसली असेल, दांड्यातून वर जाणारी तार वळणावळणाने तुटली असेल किंवा त्या दांड्याचे अंगाशी अर्थिंग सैल झाले असेल. चाक फिरवताना मधेच हॉर्न आपोआप वाजत असेल, तर तारेवरचे आवरण घासले आहे असे समजावे. आणि हॉर्न एकदा सुरू होऊन थांबतच नसेल, तर घाबरू नका. हॉर्नवरची बटणाकडची तार काढली, की तो गप्प बसतो. मग सावकाश शोध घ्या.

पाचवी पायरी खुद्द हॉर्न. तो काढून दोन जाड तारांनी सरळ बॅटरीला क्षणभर लावावा. येथे कान महत्त्वाचे. एकदाच "टक्" असा आवाज आला आणि पुढे शांतता, तर चुंबक ओढतो आहे, पण पॉइंट वेगळे होत नाहीत. अशा वेळी तार लावून ठेवू नका, आतले वेटोळे तापून जळेल. अजिबात "टक्" नाही, तर वीज आत शिरतच नाही. पॉइंटवर थर आहे, ते उघडे राहिले आहेत किंवा वेटोळे तुटले आहे.

बहुतेक हॉर्नच्या पाठीशी जुळणीचा एक लहान स्क्रू असतो. पॉइंट कोणत्या क्षणी वेगळे व्हावेत, हे तो ठरवतो. आधी त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवा. मग थोडा, अगदी अष्टमांश फेरा, एका बाजूला फिरवा आणि वाजवून पाहा. नाही जमले तर परत खुणेवर या आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच फिरवा. पेटीवाला सूर लावतो तसे हे काम आहे, घाईचे नव्हे. मधल्या मोठ्या नटाला मात्र हात लावू नये. लोखंडी तुकडा आणि चुंबक ह्यांमधली फट त्यावर अवलंबून असते. हॉर्न बसवताना त्याचे अंग दुसऱ्या पत्र्याला टेकत नाही ना, हे पाहावे. टेकला की सूर फाटतो.

दिवा लागतो, पण हॉर्न वाजत नाही

येथे एक कोडे पुष्कळांना पडते. तपासणीचा छोटा दिवा हॉर्नच्या तारेला लावला तर छान लागतो. म्हणजे वीज येते. दुसऱ्या बॅटरीवर हॉर्न वाजतो. म्हणजे तोही चांगला. मग गाडीत का वाजत नाही? शिक्षक बंधू-भगिनींनी हे गणित फळ्यावर मांडावे.

समजा, हॉर्न 12 व्होल्टला 4 अँपिअर वीज घेतो. म्हणजे त्याचा विरोध 3 ओहम धरू. आता एखाद्या गंजलेल्या सांध्याने वाटेत 1 ओहम विरोध आणखी घातला. एकूण 4 ओहम झाले, वीज 3 अँपिअरवर आली, आणि हॉर्नच्या वाट्याला 12 ऐवजी 9 व्होल्ट उरले. तो घोगरा होईल किंवा गप्प बसेल. तपासणीचा दिवा मात्र जेमतेम 0.2 अँपिअर घेतो. त्याच गंजलेल्या सांध्यात त्याचे फक्त 0.2 व्होल्टच वाया जातात. म्हणून तो प्रकाशतो आणि आपल्याला फसवतो! हॉर्नमधली वीज तुटत-जुळत वाहते, तेव्हा हे आकडे ढोबळ समजावेत. पण तत्त्व पक्के आहे. जो सांधा थोड्या विजेला पुरतो, तो जास्त विजेला पुरेलच असे नाही. म्हणून जुन्या गाडीत नवा हॉर्न विकत घेण्याआधी सगळे सांधे उघडून, घासून, घट्ट करावेत. पुष्कळदा नव्या हॉर्नचे पैसे तेथेच वाचतात.

पुढे गाड्यांना उंच आणि खालच्या सुरांचे दोन-दोन हॉर्न आले. त्यांना वीज जास्त लागते, त्यामुळे नाजूक बटण जळू लागले. म्हणून मध्ये "रिले" आला. बटण फक्त रिलेला खूण करते आणि जाड वाटेची मोठी वीज रिले जोडतो. अशा गाडीत बटण दाबल्यावर रिलेतून "टक्" येतो आणि हॉर्न गप्प राहतो, तेव्हा बटण निर्दोष. दोष रिलेच्या पॉइंटमध्ये किंवा पुढच्या वाटेवर. दोहोंपैकी एकच वाजत असेल, तर बटण आणि फ्यूज सोडून सरळ मुक्या हॉर्नकडे जावे.

आणखी एक गोष्ट. साधारण 1960 च्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अंगाला जोडलेले असे. आजच्या गाड्यांत ऋण टोक जोडतात. ह्या साध्या हॉर्नला त्याने फरक पडत नाही. वीज कोणत्याही दिशेने वाहिली तरी चुंबक लोखंडाला ओढतोच. पण बॅटरी जोडताना जुन्या गाडीची रीत पाहूनच जोडावी, बाकीच्या वस्तूंना फरक पडतो.

पुरेसा, पण त्याहून अधिक नको

आता कोणी म्हणेल, एवढी खटपट कशाला? जुना काढून टाका आणि लांबूनच कान फाडील असा मोठा हॉर्न बसवा. ह्याच विचाराने जगभर रस्ते गोंगाटाने भरले. 1934 साली लंडनमध्ये रात्री 11.30 पासून सकाळी 7 पर्यंत हॉर्न वाजवण्यास बंदी करावी लागली. पॅरिसने 1954 मध्ये शहरात हॉर्न वाजवण्यास मनाई केली. आपल्याकडेही नियम सुरेल लकेरी मारणाऱ्या किंवा अति कर्कश, धास्ती भरवणाऱ्या हॉर्नना मनाई करतो. जो हॉर्न सतत आणि सगळीकडे वाजतो, तो लोक ऐकेनासे होतात. मग ज्या क्षणी खरोखर ऐकायला हवा, त्या क्षणीही तो ऐकला जात नाही. "ऐकू येईल" ही अट तो पुरी करतो, पण सूचना म्हणून तो पुरेसा राहत नाही. बैलाच्या पाठीमागे असा हॉर्न वाजवला, तर बैल बिथरून गाडीच रस्त्याच्या आडवी येते, हा अनुभव शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको.

मुंबईची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी पाहा. वालचंद हिराचंद ह्यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर शेवटची गाडी रस्त्यावरून उतरली. जुन्या गाड्या अशा एकेक करून जात आहेत. ज्या कोणी घरी राखून ठेवल्या आहेत, त्यांनी त्यांचा रंग आणि पितळ जपावे, तसा त्यांचा मूळ आवाजही जपावा. तो आवाज काढणारे यंत्र इतके साधे आहे, की एक पाना, एक पेचकस, पॉलिश पेपरचा तुकडा आणि थोडा धीर एवढ्यावर ते बहुधा दुरुस्त होते.

शाळेत जुना हॉर्न मिळाला तर तो भंगारात देऊ नये. त्याचे पाठचे झाकण काढून, पॉइंट मुलांना दाखवून, बॅटरीवर क्षणभर वाजवावा. विद्युच्चुंबक, विजेची वाट, विरोध आणि ध्वनीची कंपने हे चार धडे एका बैठकीत होतील. त्याच तासाला ब्रिजेट ड्रिस्कॉलची हकिकतही सांगावी. बटणाच्या एका टोकाला गाडीतला माणूस असतो आणि दुसऱ्या टोकाला रस्त्यावरचा, हे मुलांना तेव्हाच उमगावे. उद्या ह्यांतलीच मुले गाडी हाकणार आहेत. आणि त्यांच्या गाडीपुढून कुणी म्हातारी आई, कुणी शाळकरी पोर चालत असणार आहे.